लॉनवर मुंग्या टिपणारा सुतार: फ्लिकर कसा ओळखायचा?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. न्यू जर्सीतल्या तुमच्या लॉनवर चोच खुपसत फिरणारा ठिपक्यांचा तपकिरी पक्षी कोणता? पहाटे फायरप्लेसच्या धुराड्यावरची पत्र्याची टोपी कोण बडवतं? आणि डेन्व्हरच्या बहिणीने पाठवलेल्या फोटोतला, तसाच पण गालावर लाल पट्टा असलेला पक्षी वेगळा आहे का? तिन्हींचं उत्तर एकच, नॉर्दर्न फ्लिकर. शास्त्रीय नाव कोलॅप्टिस ऑराटस. आणि हो, हा सुतारच आहे, जमिनीवर दिसत असला तरी.

इथेच बहुतेकांची गाडी अडते. सुतार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आंब्याच्या नाहीतर शिरीषाच्या खोडाला चिकटलेला सोनपाठी सुतार येतो. गवतात उड्या मारणारा पक्षी सुतार असेल असं मनातही येत नाही. मग लोक पक्ष्यांच्या पुस्तकात थ्रशची, म्हणजे कस्तुरांची, पानं चाळतात, कुणी हुदहुदसारखा काही आहे का शोधतं. महाराष्ट्रात हिवाळ्यात येणारी मानमोडी पाहिली असेल तर ती आठवा. तीही सुतारांच्याच कुळातली, तीही मातकट, आणि तीही जमिनीवर मुंग्या टिपते. फ्लिकरने तोच धंदा मोठ्या अंगाने आणि जास्त रंगीत कपड्यांत चालवलाय.

आता ओळख. लांबी २८ ते ३१ सेंटिमीटर, म्हणजे सोनपाठी सुताराएवढा किंवा जरा मोठा. तुमच्याकडच्या रॉबिनशेजारी उभा राहिला की ठळक मोठा दिसतो. पाठ तपकिरी आणि तिच्यावर काळ्या आडव्या रेघा. पोट फिकट आणि त्यावर ठसठशीत गोल काळे ठिपके. छातीवर काळी चंद्रकोर, ती नर-मादी दोघांनाही असते. एवढं दिसलं तरी काम झालं, पण माझा भरवसा सगळ्यात जास्त एका खुणेवर आहे: पक्षी उडाला की पाठीच्या खालच्या टोकाला, शेपटीच्या अगदी वर, पांढराशुभ्र चट्टा चमकतो. गवतातून दचकून उठलेला पक्षी चार-पाच वेळा पंख मारून मिटतो, थोडा खाली येतो, पुन्हा पंख मारतो, आणि तो पांढरा चट्टा लांब जाईपर्यंत दिसत राहतो. गाडी चालवतानासुद्धा एवढ्यावरून फ्लिकर सांगता येतो.

घोळ होतो तो दोन पक्ष्यांशी. रेड-बेलीड वुडपेकर तुमच्या फीडरवर येत असणारच. त्याच्या पाठीवर काळेपांढरे पट्टे असतात आणि पोटावर ठिपके नसतात. दुसरा मेडोलार्क. त्याच्याही छातीवर काळी खूण असते, पण छाती-पोट पिवळंधमक, आणि उडताना पांढरं दिसतं ते शेपटीच्या दोन्ही कडांना. शिवाय तो मोठ्या कुरणांचा पक्षी, घरांच्या वस्तीतल्या लॉनवर सहसा येत नाही.

फ्लिकरचं बाकी सगळं वागणं कळायला एक गोष्ट धरून चालायची: मुंग्या. इतर सुतार लाकूड फोडून अळ्या काढतात, याचं मुख्य खाणं मातीत आहे. म्हणून चोच छिन्नीसारखी अगदी सरळ नसून किंचित खाली वाकलेली. म्हणून पाठीचा रंग सुक्या गवतात मिसळणारा. लॉनवर दिसला की दुर्बीण लावून पाच मिनिटं बघा. आधी मान तिरकी करून जमिनीकडे पाहील, मग चोचीने मातीत दोन-चार घाव घालेल, आणि मग चोच भोकात ठेवून जवळजवळ स्तब्ध उभा राहील. त्या वेळी आत जिभेचं काम चालू असतं. ती चोचीच्या टोकापुढे सुमारे ५ सेंटिमीटर बाहेर जाते. एवढी जीभ ठेवायची कुठे? जिभेच्या मुळाची लवचिक हाडं कवटीच्या मागून वळसा घालून डोक्यावरून थेट उजव्या नाकपुडीपाशी येतात. जिभेला चिकट लाळ असते, तिला लागून मुंग्या आणि त्यांची अंडी-कोष बाहेर येतात. एकेका पक्ष्याच्या पोटात हजारोंनी मुंग्या मिळाल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा लॉनवर दिसणारी ती बोटभर भोकं बघून लॉनवाल्याला फोन करू नका. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मुंग्यांसाठी औषध फवारून घेऊ नका. गालिच्यासारखं लॉन हवं आणि त्यावर फ्लिकरही हवा, हे जमत नाही.

जमीन गोठली की मुंग्या खोल जातात. म्हणून हा उत्तर अमेरिकेतल्या मोजक्या, खरोखर स्थलांतर करणाऱ्या सुतारांपैकी एक आहे. अलास्का आणि कॅनडातले फ्लिकर शरद ऋतूत दक्षिणेला सरकतात. तुम्ही न्यू जर्सीत आहात तर सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरमध्ये, थंड वायव्येचा वारा सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी राज्याच्या दक्षिण टोकाला, समुद्रकाठच्या केप मेला जा. लोक तिथे ससाणे बघायला जमतात, पण फ्लिकरही झुंडीने डोक्यावरून जातात. सुतार थव्याने जाताना बघायला मिळणं दुर्मीळच. जे मागे राहतात ते हिवाळ्यात फळांवर निभावतात: डॉगवूड, सुमॅक, जंगली चेरी, आणि आपल्याला ज्या वेलीला हातही लावायची भीती वाटते त्या पॉयझन आयव्हीचीसुद्धा फळं. त्यामुळे जानेवारीत फ्लिकर दिसला तर आश्चर्य नको.

आता तुमचा पक्षी आणि बहिणीचा पक्षी. पूर्वेकडच्या फ्लिकरच्या पंखांच्या आणि शेपटीच्या पिसांचे दांडे पिवळे, पश्चिमेकडच्याचे लालसर. पंख उघडला की खालची बाजू तुमच्याकडे हळदीसारखी पिवळी दिसेल, तिच्याकडे तांबूस. पूर्वेच्या पक्ष्याचं डोकं राखाडी, चेहरा बदामी, आणि मानेमागे लाल कोर. पश्चिमेच्याचं उलट: डोकं तपकिरी, चेहरा राखाडी, मानेमागे कोर नाही. नराला चोचीच्या मुळापासून गालावर उतरणारी मिशी असते, पूर्वेला काळी, पश्चिमेला लाल. बहिणीच्या फोटोतला तो लाल पट्टा म्हणजे ही मिशीच. मादीला ठळक मिशी नसते.

फ्लिकरांना त्या मिशीवरून नर-मादी कळतं, आणि याचा फार गमतीदार पुरावा आहे. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीतले जी. के. नोबल यांनी एका जोडीतली मादी पकडून तिला मिशी लावली. तिच्याच नराने तिला परका नर समजून हाकलायला सुरुवात केली. मिशी काढली, तेव्हा पुन्हा स्वीकारली. हे १९३६ साली प्रसिद्ध झालं. संसार मोडायला एवढंसं पुरलं!

पूर्वी हे दोन वेगळे पक्षी मानले जात. पण कॅनडापासून टेक्सासपर्यंत, रॉकी पर्वताच्या पूर्वेकडच्या मैदानी पट्ट्यात दोघांची जोडी सर्रास जुळते आणि पिल्लांत दोन्हीकडच्या खुणा मिसळतात. एका गालावर काळी मिशी आणि दुसऱ्यावर लाल असेही पक्षी सापडतात. म्हणून १९७३ मध्ये अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञांच्या संघटनेने त्यांना एकाच जातीत घातलं. त्या वेळी ॲरिझोनाच्या वाळवंटातला, सॅग्वारो निवडुंगात ढोली करणारा गिल्डेड फ्लिकरही त्यात ढकलला होता, तो १९९५ मध्ये पुन्हा वेगळा काढला.

एक फसवी गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते. न्यू जर्सीतल्या एखाद्या पिवळ्या फ्लिकरची दोन-चार पिसं केशरी-लाल दिसली तर लगेच ‘पश्चिमेचं रक्त’ म्हणू नका. बरीच वर्षं तज्ज्ञांनाही तसंच वाटत होतं. नंतर पिसांतलं रंगद्रव्य तपासलं तेव्हा ते रोडोझँथिन निघालं. परदेशातून बागांसाठी आणलेल्या आणि आता रानोमाळ पसरलेल्या हनीसकलच्या झुडपांच्या फळांत ते असतं. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात पिसं बदलताना पक्ष्याने ती फळं खाल्ली की रंग पिसांत उतरतो. डोक्याचा, मानेचा आणि मिशीचा रंग बघा, तिथे आहार लुडबुड करत नाही.

पत्र्याच्या आवाजाबद्दल. तो खाणं शोधत नाहीये आणि डोकंही फिरलेलं नाही. सुतारांना गाता येत नाही, त्यामुळे ‘ही जागा माझी’ आणि ‘जोडीदार हवा’ ही दोन्ही जाहिरात ठोके देऊन होते, आणि जितका मोठा आवाज तितकं बरं. पोकळ फांदीपेक्षा तुमच्या धुराड्याची टोपी हजारपट सरस. साधारण सेकंदभराच्या एका फैरीत पंचवीसेक ठोके पडतात. सोबत ‘विक-विक-विक-विक’ अशी लांबलचक हाक ऐकू येईल, आणि एरवी मधूनच एक मोठ्ठं ‘क्लीअर!’. वसंतात दोन नर, किंवा दोन माद्या, समोरासमोर बसून चोची वर करतात आणि तलवारबाजीसारखी डोकी हलवत हवेत आठचा आकडा काढतात. जिच्यासाठी किंवा ज्याच्यासाठी हे चाललंय, तो पक्षी बाजूला बसून बघत असतो.

पत्र्याला काही होत नाही आणि अंडी-पिल्लांचं काम सुरू झालं की आवाज आपोआप कमी होतो. अगदीच झोप उडत असेल तर जवळपास चमकत्या फितीच्या पट्ट्या वाऱ्यावर हलतील अशा लावा. धुराड्याचं तोंड मात्र कशानेही झाकू नका, पक्ष्यापायी घरात धूर कोंडायचा.

बहिणीचा प्रश्न जास्त गंभीर आहे. तिच्या घराच्या भिंतीवरच्या लाकडी फळ्यांना, म्हणजे सायडिंगला, गोल भोक पडलंय असंही तुम्ही लिहिलंत, ते ठोक्यांचं नव्हे, ढोलीचं काम. फ्लिकर घरट्यासाठी वाळलेलं, किडकं झाड शोधतो, कारण सुतार असूनही टणक लाकडाशी त्याचं फारसं जमत नाही. नर-मादी मिळून ढोली कोरतात, तोंड सात-आठ सेंटिमीटरचं. ५ ते ८ पांढरी अंडी, ११ ते १३ दिवस उबवणं, आणि रात्री अंड्यांवर बसण्याची पाळी नराची. पिल्लं आणखी साडेतीन-चार आठवड्यांनी बाहेर पडतात. वस्त्यांमध्ये वाळलेलं झाड दिसलं की सोसायटीवाले करवत घेऊन हजर, मग तो मऊ सीडरच्या भिंतीकडे वळतो. शरदात अशी भोकं रातथाऱ्यासाठीही पाडली जातात. शिवाय कोरलेली ढोली त्याला मिळेलच असं नाही. १८९० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये युरोपातले स्टारलिंग सोडले गेले, आपल्या साळुंकीच्या कुळातलेच. ते स्वतः कोरत नाहीत, फ्लिकरची मेहनत पूर्ण होईपर्यंत थांबतात आणि त्याला हुसकून ढोली बळकावतात. १९६६ पासूनच्या पक्षिगणनेत फ्लिकरची संख्या जवळजवळ निम्म्यावर आलेली दिसते. त्यामागे ढोल्यांचा तुटवडा हे एक कारण मानलं जातं.

तिला सांगा, भोक बुजवायच्या आधी आत अंडी-पिल्लं नाहीत याची खात्री करायची. १९१८ च्या स्थलांतरी पक्ष्यांच्या कायद्यामुळे परवान्याशिवाय पक्ष्याला इजा करणं किंवा पिल्लांसकट घरटं मोडणं गुन्हा आहे. मोकळं असेल तर लगेच बुजवून त्यावर पत्रा ठोकायचा आणि रंग द्यायचा, कारण उघडं भोक दुसऱ्यालाही बोलावतं. वसंताच्या आधी तिथेच जवळ, अडीच इंचाच्या तोंडाचं, दीड-दोन फूट खोल पेटीघरटं लावायचं आणि ते लाकडाच्या भुशाने गच्च भरायचं. भुसा विसरायचा नाही. रिकामी पेटी स्टारलिंगला आयतीच मिळते, आणि फ्लिकरला उपसायला काहीतरी लागतंच.

तिच्या फोटोत पक्षी समोरून आहे, त्यामुळे मान दिसत नाही. डेन्व्हर त्या मिश्र पट्ट्याच्या कडेवर आहे. पुढच्या वेळी मागून फोटो काढायला सांगा. लाल मिशी आणि मानेमागे लाल कोर दोन्ही दिसल्या, तर तो मिश्र आहे.