आयरिसची जुडी फोडताना

तुमच्या आयरिसची जुडी दाटली असेल आणि फुले रोडावली असतील, तर खत वाढवण्यापेक्षा जुडी फोडावी. थंड प्रदेशातला दाढीवाला (पाकळ्यांवर केसांचा झुपका असणारा) आयरिस पुण्यात सहसा रुळत नाही. आपल्या बागांत दिसतो तो बहुधा आफ्रिकन आयरिस किंवा वॉकिंग आयरिस, आणि पुढील सल्ला त्यांच्यासाठी आहे.

पावसाच्या पहिल्या काही सरींनंतर, ढगाळ दिवस पाहून, संपूर्ण जुडी खणून काढावी आणि मुळे धुवावीत, म्हणजे आडवे कंद आणि त्यांतून पंख्यासारखे उलगडलेले पानांचे झुबके स्पष्ट दिसतात. स्पिरिटने पुसलेल्या धारदार सुरीने असे तुकडे करावेत, की प्रत्येकाला दोन-तीन झुबके आणि ताजी मुळे राहतील. मधला जुना, पोकळ किंवा मऊ पडलेला भाग निःसंकोच टाकून द्यावा. तुटलेल्या मुळांना सगळ्या पानांना पाणी पुरवता येत नाही, म्हणून पाने निम्मी छाटावीत. कंद मातीच्या जेमतेम खाली राहील इतकाच लावावा, कारण खोल लावल्यास तो कुजतो. आपल्या काळ्या मातीत तर वाळू आणि शेणखत मिसळून उंच वाफाच करावा.

आफ्रिकन आयरिसला मुळे दुखावलेली सोसत नाहीत, त्यामुळे तो एखादा हंगाम फुलला नाही तरी त्याला पुन्हा हलवू नये. वॉकिंग आयरिस मात्र फारच उदार आहे: फुलून गेलेल्या दांड्यावर तयार झालेले पिल्लू, म्हणजे छोटे रोप, शेजारच्या कुंडीतील मातीवर टेकवून ठेवावे आणि ते रुजल्यावरच दांडा कापावा.