दुपारभर 'टुक-टुक-टुक' असा आवाज येतो, पण पक्षी दिसत नाही. कोणता असेल?

तो तांबट आहे. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा एकाच पट्टीतला, एकाच लयीत चालणारा आवाज आपल्याकडे दुसऱ्या कोणत्याही पक्ष्याचा नाही. खात्रीसाठी घड्याळ लावून 15 सेकंद ठोके मोजा; 25 ते 30 भरले तर तांबटच. तो जेमतेम 17 सेंमीचा, पानांसारखाच हिरवा, आणि ओरडताना चोच मिटलेली ठेवून फक्त गळा फुगवतो. शिवाय मान इकडेतिकडे वळवत असल्याने आवाज दर वेळी वेगळ्या दिशेने आल्यासारखा वाटतो, म्हणून आवाजाच्या मागे फिरण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा सकाळी ऊन पडल्यावर वड, पिंपळ किंवा उंबराच्या शेंड्याची निष्पर्ण फांदी दुर्बिणीतून पाहा. लाल कपाळ, पिवळा गळा, छातीवर लाल पट्टा लगेच ओळखू येतो.

घोळ होतो तो दोन पक्ष्यांशी. 'कुटरूक-कुटरूक' असे जोडस्वर असतील तर तो मोठा कुटुर्गा. आणि 'टुविट-टुविट' असा टोकदार आवाज खाली झुडपातून येत असेल तर शिंपी. एवढासा पक्षी, पण आवाज दणदणीत! हिवाळ्यात मात्र तांबट बराच गप्प असतो, तेव्हा आवाज आला नाही म्हणजे तो झाडावर नाही असं धरू नका.