तीस्तेचे पाणी आणि काटोलची संत्री

प्रश्न : परराष्ट्र धोरण हा केंद्राचा विषय आहे, असे आम्ही नागरिकशास्त्रात शिकलो. तरीही तीस्ता नदीच्या पाणीवाटपाचा बांगलादेशाशी होणारा करार एका राज्याच्या विरोधामुळे रखडला. उलट बांगलादेश संत्र्यांवरील आयात शुल्क वाढवत गेला आणि आमच्या काटोल भागातील बागाईतदार अडचणीत आले, तेव्हा दिल्लीत तेवढी हालचाल दिसली नाही. हा फरक का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आपण शिकलात ते घटनेच्या दृष्टीने बरोबरच आहे. परकीय देशांशी करार करणे हा संघसूचीतील विषय आहे, आणि असा करार अमलात आणण्यासाठी संसद कलम २५३ नुसार राज्यसूचीतील विषयावरही कायदा करू शकते. मात्र तीस्तेचे पाणी गजलडोबा येथील बंधाऱ्यातून उत्तर बंगालच्या शेतीला मिळते, आणि ते पाणी सोडणारी यंत्रणा राज्याची आहे. सप्टेंबर २०११ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग ढाक्याला निघाले असताना पश्चिम बंगालच्या तेव्हाच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांनी सोबत जाण्यास नकार दिला आणि तयार झालेला करार सह्यांविना राहिला. केंद्राला कायद्याने कोणी अडवले नव्हते. अडवले ते या गोष्टीने, की तृणमूल काँग्रेस तेव्हा केंद्रातील सत्ताधारी आघाडीत होती.

तमिळनाडूचे उदाहरण अधिक बोलके आहे. श्रीलंकेतील तमिळांवरील युद्धकाळातील अत्याचारांबाबत त्या देशाविरुद्ध आलेल्या ठरावांना भारताने २०१२ आणि २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत पाठिंबा दिला; तरीही ठराव पुरेसा कठोर नाही म्हणून द्रमुकने मार्च २०१३ मध्ये केंद्र सरकारचा पाठिंबा काढला. द्रमुक बाहेर पडल्यानंतर, २०१४ च्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. तमिळांचे दुःख त्या वर्षभरात कमी झाले नव्हते, म्हणून मला वाटते की प्रदेशाची भावना कितीही तीव्र असली, तरी तिचे वजन दिल्लीतील संख्याबळावर ठरते. अर्थात राज्ये केवळ अडवतातच असे नाही. २०१५ मध्ये पश्चिम बंगालच्या संमतीने बांगलादेशाशी भूसीमा करार मार्गी लागला आणि दोन्ही देशांतील १६२ परिवेष्टित भूभागांची, म्हणजे दुसऱ्या देशाने चहूबाजूंनी वेढलेल्या तुकड्यांची, अदलाबदल झाली.

आता संत्र्यांकडे येऊ. विदर्भाला परदेशाची सीमा नाही आणि सीमेपलीकडे नातलगही नाहीत. तरीही काटोल, नरखेड, वरूड, मोर्शीच्या बागांचे भाव ढाक्याच्या निर्णयाने पडतात. शिवाय आपल्याच राज्यात हितसंबंध वेगवेगळे आहेत. नाशिकचा कांदा बांगलादेशाला हवा असतो, आणि केंद्र शहरांतील भाव पाहून त्याची निर्यात अचानक थांबवते. सप्टेंबर २०१९ च्या बंदीनंतर बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीतच जाहीरपणे सांगितले होते की, आपण स्वयंपाक्याला कांद्याविना जेवण करायला सांगितले आहे. कांद्याची बंदी आणि संत्र्यांचे शुल्क हे दोन प्रश्न एकत्र मांडले, तर वाटाघाटीत देण्याघेण्यासारखे काही हाती राहते. परंतु नाशिक आणि नागपूरचे लोकप्रतिनिधी हे प्रश्न वेगवेगळे मांडतात, ही मला खरी उणीव वाटते.

आणखी एक गोष्ट वेळेची. आपल्याकडे शुल्क कमी करून घेण्याची मागणी संत्र्यांच्या आंबिया बहाराचा (हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याचा) माल बाजारात आला, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, जोर धरते. बांगलादेशाचे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते आणि अर्थसंकल्प जूनमध्ये मांडला जातो. तेव्हा आपल्या खासदारांना निवेदन द्यायचे असेल, तर ते त्याआधी, आपल्या संसदेच्या अर्थसंकल्पीय अधिवेशनातच द्यावे.