घोडी पुढच्या उजव्या पायानं लंगडतेय, खांदा भरला म्हणतात. कोणतं तेल चोळावं?

तेलाचं नंतर. खांदा भरला हे ठरवलं कोणी? तुम्हीच लिहिलंय की नाल बदलून ४ दिवस झाले आणि घोडी वरातीची आहे, म्हणजे रोज डांबरी रस्ता. मी आधी खूर धरीन. आपल्या नागपुरात घोडा पुढून लंगडला की सगळे खांद्याला हात लावतात, कारण खूर बघायला वाकावं लागतं.

पुढच्या पायाचं दुखणं बहुतेक वेळा गुडघ्याच्या खाली असतं, त्यातही जास्त करून खुरात. जुनं लंगडणं असलं की लोक म्हणतात, ‘पण खांदा सुकलाय, दिसतोय की!’ सुकणारच. दुखरा पाय घोडी आखडून टाकते, स्नायूला काम उरत नाही, काही आठवड्यांत मांस उतरतं. लंगडणं आधीचं, सुकणं नंतरचं. हा वाद घालून घालून तोंड दुखलं माझं.

सकाळी, ऊन तापायच्या आधी, सपाट कडक रस्त्यावर ३० मीटर दुडकीनं न्या-आणा. दोर हातभर सैल हवा. पोरानं मोरखी (तोंडाला बांधलेली दोरी) आवळून धरली तर काही दिसणार नाही. दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं, धड पाय टेकताना खाली येतं. यात एक फसगत आहे. मागचा उजवा दुखत असला तरी डोकं असंच हलतं, कारण दुडकीत मागचा उजवा आणि पुढचा डावा एकदम पडतात. म्हणून मागे उभं राहूनही पाहा, पुठ्ठ्याचं हाड कोणत्या बाजूला जास्त वरखाली होतंय ते.

मग खूर. खुराच्या वरच्या सांध्यामागे दोन्ही बाजूंना बोटं टेकवा. एरवी नाडी जेमतेम लागते, खुरात जळजळ असली की ठणठण उडते. दुसऱ्या पायाशी ताडून पाहा. नंतर नालबंदाच्या खूर दाबायच्या चिमट्यानं दाबा, टाचेपासून दोन-दोन सेंटिमीटरवर आणि प्रत्येक खिळ्यापाशी. एकाच जागी तीनदा दाबल्यावर तिन्ही वेळा पाय ओढला तर जागा सापडली. एकदाच ओढला तर चिडली असेल.

खिळा तळव्याच्या पांढऱ्या रेषेच्या (तळवा आणि खुराची भिंत जुळते तिथली) बाहेरून जायला हवा. आत गेला तर घोडी तिथल्या तिथे उसळते. रेषेला घासून गेला तर नुसता दाब धरतो आणि दोन-चार दिवसांनी लंगडणं सुरू होतं. तुमचे ४ दिवस इथं नेमके बसतात. नालबंदाकडून एकेक खिळा सुटा काढून घ्या. ओला निघाला किंवा वास आला तर आत पू आहे. डॉक्टरांकडून खालून वाट करून घ्या आणि धनुर्वाताचं इंजेक्शनही द्या, घोड्याला तो फार लवकर धरतो. वाट दिली नाही तर पू वर चढतो आणि खुराच्या केसाळ कडेला फुटतो. तो फुटला की घोडी रात्रीतून पाय टेकायला लागते आणि श्रेय आठवडाभर चोळलेल्या तेलाला जातं!

खुरात काहीच सापडलं नाही तर सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या. नस बधिर करून खालून वर एकेक टप्पा तपासता येतो. ज्या टप्प्याला लंगडणं थांबलं, त्याच्या खाली दुखणं. खांदेवाल्यांना तिथं उभं करून दाखवा. तपासणीआधी वेदनाशामक देऊ नका, सगळं झाकलं जातं. (डायक्लोफेनॅक तर नकोच, मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरतात म्हणून २००६ पासून जनावरांसाठी बंद आहे.)

हे खरं तर वर लिहायला हवं होतं: पाय अजिबात टेकत नसेल तर दुडकी नको, नस बधिर करणंही नको, हाड मोडलेलं असू शकतं. आणि लाथ बसली किंवा घोडी पडली तर खांदाही दुखतो, नाही असं नाही. पण तेव्हासुद्धा डाग द्यायला कोणी आलं तर गेटवरूनच परत पाठवा.

पुढच्या आठवड्यातल्या दोन वराती दुसऱ्या घोडीला द्या.