जुनी पेन्शन मंजूर झाली, मग ज्येष्ठताही जाहिरातीच्या वर्षापासून मिळेल का?

आपण विचारले आहे की, 2004 च्या जाहिरातीनुसार राज्य शासनाच्या सेवेत आपली निवड झाली, नियुक्ती आदेश मात्र 2006 मध्ये मिळाला आणि गुणवत्ता यादीत आपल्याखाली असलेले दोघे आपल्याआधी रुजू झाले. आता जुनी पेन्शन लागू झाली आहे, तर ज्येष्ठताही 2004 पासून धरायला नको का? आस्थापना शाखेत बरीच वर्षे काम केल्यामुळे हा प्रश्न मी अनेकांकडून ऐकला आहे. या दोन हक्कांची एकच मागणी करून, बाजू खरी असूनही हरलेली माणसे मी पाहिली आहेत.

आपल्याला जुनी पेन्शन मिळाली ती 2 फेब्रुवारी 2024 च्या शासन निर्णयामुळे. जाहिरात किंवा अधिसूचना 1 नोव्हेंबर 2005 पूर्वीची, पण रुजू होणे त्या दिवशी वा त्यानंतरचे, अशांना त्याने एकवेळचा पर्याय दिला. आपल्याला पेन्शनचे कोणते नियम लागू, एवढेच त्याने ठरले. नियुक्तीची तारीख मागे गेली नाही. अर्हताकारी सेवा, म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी सेवा, आजही रुजू झाल्याच्या दिवसापासूनच मोजली जाईल.

ज्येष्ठतेचे तसे नाही. पेन्शनचा भार तिजोरीवर पडतो, तर ज्येष्ठता यादीत आपण एक पायरी वर चढलात की कोणीतरी एक पायरी खाली येतो, आणि न्यायालये ते आधी पाहतात. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये के. मेघचंद्र सिंह प्रकरणात स्पष्ट केले की, ज्या काळात माणूस संवर्गात (त्या पदांच्या गटात) आलेलाच नव्हता त्या काळाची ज्येष्ठता त्याला मागता येत नाही. त्यामुळे 2004 चा आग्रह सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या दोघांबाबतची आपली तक्रार मात्र वेगळी आहे, आणि माझ्या मते तीच खरी आहे. आपल्या नियुक्तीच्या वेळी लागू असलेल्या 1982 च्या ज्येष्ठता नियमांनुसार, एकाच निवडीतून सरळसेवेने (पदोन्नतीने नव्हे, थेट भरतीने) आलेल्यांचा आपसांतील क्रम गुणवत्ता यादीवरून ठरतो; अट एवढीच की, आदेश निघाल्यापासून 30 दिवसांत, किंवा सक्षम प्राधिकाऱ्याने वाढवून दिलेल्या मुदतीत, उमेदवार रुजू झालेला असावा. आधी कोण हजर झाला, हा निकष नाही.

म्हणून विलंब कोणाच्या टेबलावर झाला, हे कागदावर दिसले पाहिजे. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात चारित्र्य पडताळणीचा अहवाल वेळेत कार्यालयात पोहोचला होता, त्यावर आवक शिक्काही होता, पण तो दुसऱ्याच उमेदवाराच्या नस्तीत (फाइलमध्ये) लावला गेला आणि आदेश अकरा महिने अडकला. त्या लिपिकाला गुणवत्तेप्रमाणे जागा मिळाली ती त्या शिक्क्यावरच्या तारखेमुळे. अकरा महिन्यांचे वेतन मात्र मिळाले नाही, कारण त्या काळात काम केलेले नव्हते. आपणही माहिती अधिकारात गुणवत्ता यादी, नियुक्तीच्या नस्तीतील टिप्पण्या आणि आवक नोंदवहीची संबंधित पाने मागवावीत.

आता काळजीची बाब, ती म्हणजे उशीर. पेन्शन कमी मिळत असेल तर ते दर महिन्याला नव्याने होणारे नुकसान मानले जाते; सर्वोच्च न्यायालयाच्या 2008 च्या तरसेम सिंग निकालानुसार अशी मागणी उशिरानेही ऐकली जाते, फक्त थकबाकी साधारणपणे तीन वर्षांपुरती मिळते. त्याच निकालात म्हटले आहे की, ज्येष्ठता किंवा पदोन्नतीसारख्या, इतरांच्या हक्कांना धक्का लावणाऱ्या मागण्या विलंबामुळे शिळ्या ठरतात. प्रशासकीय न्यायाधिकरणात जाण्याची मुदत अंतिम आदेशापासून एक वर्षाची आहे, आणि नुसती निवेदने पाठवत राहिल्याने ती वाढत नाही.

त्यामुळे आधीच्या तात्पुरत्या ज्येष्ठता यादीवर आपण लेखी हरकत घेतली होती का, हे सर्वात आधी पाहावे. घेतली असेल तर तिची पोच शोधून काढावी आणि त्या दोघांना प्रतिवादी करूनच अर्ज दाखल करावा, कारण त्यांना न ऐकता त्यांचा क्रम न्यायाधिकरण सहसा बदलत नाही.