‘पंच्याऐंशी टक्के हातात’ या प्रस्तावाबद्दल

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: पतींना ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावर नोकरी मिळाली आहे, आपण डिपेंडंट म्हणून सोबत येणार आहात, पुण्यातील सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या अनुभवावर इथे कॉन्ट्रॅक्टचे काम करण्याचा विचार आहे, आणि एजन्सीने सुचवलेली एक अम्ब्रेला कंपनी (कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाला आपल्या नोकरीत दाखवून, एजन्सीकडून आलेल्या पैशातून त्याला पगार देणारी मध्यस्थ कंपनी) ‘पंच्याऐंशी टक्के रक्कम हातात’ देण्याचे आश्वासन देते आहे. डिपेंडंट व्हिसावर असे काम करण्यास आडकाठी नाही. आक्षेप आहे तो त्या टक्केवारीला, आणि माझ्या मते आपण हा करार करू नये. मात्र नुसते ‘करू नका’ म्हणणे पुरेसे नाही, कारण अशा योजनांत अडकलेले जे सहकारी मी पाहिले ते लोभी नव्हते. ज्या क्रमाने माहिती त्यांच्यापुढे आली, त्या क्रमाने कोणीही तोच निर्णय घेतला असता.

आधी हिशेब पाहू. जाहिरातीत दिवसाला ४०० पौंड असा दर असेल, तर आठवड्याचे २,००० पौंड होतात. आपल्याला तो पगार वाटतो, पण तो पगार नसतो. ती एजन्सीकडून अम्ब्रेला कंपनीला मिळणारी रक्कम असते. त्यातून मालकाच्या वाट्याचा नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे सामाजिक सुरक्षेची वर्गणी (२०२५-२६ च्या दराने वर्षाला ५,००० पौंडांवरील पगारावर १५ टक्के), अर्धा टक्का अप्रेंटिसशिप लेव्ही (उमेदवारांच्या प्रशिक्षणासाठीचा अधिभार) आणि कंपनीचे आठवड्याचे वीस-पंचवीस पौंड वजा झाल्यावर जे उरते, साधारण १,७२० पौंड, तो आपला पगार. त्यावर पुन्हा आपला प्राप्तिकर आणि आपल्या वाट्याचा नॅशनल इन्शुरन्स कापला जातो. पेन्शन न धरताही हाती सुमारे १,२०० पौंड राहतात, म्हणजे साठ टक्के. मालकाने भरायचा पैसा आपल्याच दरातून का गेला, हे प्रामाणिक कंपनीलाही पहिल्या भेटीत नीट समजावून सांगता येत नाही. त्यामुळे प्रामाणिक कंपनीच लबाड वाटते, आणि गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन १,७०० पौंड देऊ करणारी कंपनी कार्यक्षम वाटते. या धंद्याचे सर्वांत मोठे भांडवल हा गैरसमज आहे, असे मला वाटते.

तो जास्तीचा पैसा येतो कसा? पगारपत्रकावर किमान वेतनाइतकाच पगार दाखवला जातो आणि कर तेवढ्यावरच कापला जातो. उरलेली रक्कम ‘कर्ज’, ‘आगाऊ रक्कम’, ‘अॅन्युइटी’ अशा नावांनी, बहुधा परदेशी ट्रस्टमार्फत किंवा दुसऱ्याच कंपनीच्या खात्यातून येते. हे कर्ज कोणी परत मागणार नाही, असे तोंडी सांगितले जाते. कापलेले पंधरा टक्के हा कर आहे असे कामगार समजतो. प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग योजना विकणाऱ्याची फी असते.

इतकी माणसे अम्ब्रेला कंपन्यांकडे वळण्यामागे धोरणही आहे. पूर्वी कॉन्ट्रॅक्टर स्वतःची छोटी लिमिटेड कंपनी काढून काम करत. अशी व्यक्ती वस्तुतः नोकरदारच आहे का, हे तपासणारा ‘आयआर ३५’ हा नियम २००० साली आला, पण ते ठरवण्याची जबाबदारी कॉन्ट्रॅक्टरवरच होती. सरकारी क्षेत्रात एप्रिल २०१७ पासून आणि खासगी क्षेत्रातील मध्यम व मोठ्या कंपन्यांत एप्रिल २०२१ पासून ती काम देणाऱ्यावर आली. अनेक कंपन्यांनी जोखीम नको म्हणून लिमिटेड कंपन्यांमार्फत माणसे घेणेच बंद केले. मग एजन्सी दोन-तीन नावांची यादी पाठवते आणि कागदपत्रे ताबडतोब मागते. त्या यादीत एखादे नाव कमिशनच्या बळावर शिरलेले असू शकते, हे नवख्या माणसाच्या ध्यानात येत नाही.

कागदपत्रेही भक्कम दिसतात. बॅरिस्टरचा अभिप्राय जोडलेला असतो. कर खात्याने, म्हणजे एचएमआरसीने, दिलेला योजना क्रमांकही कधी कधी ठळकपणे छापलेला असतो. अशा योजना खात्याला कळवण्याचे बंधन २००४ पासून आहे आणि तो क्रमांक फक्त योजना कळवल्याचा पुरावा असतो. एचएमआरसी कोणत्याही करबचत योजनेला मान्यता देत नाही. शिवाय शेजारच्या टेबलावरचा सहकारी दोन वर्षे त्याच कंपनीत असतो आणि त्याला काही झालेले नसते. चौकशीचे पत्र अनेक वर्षांनी येते, त्यामुळे त्याचा अनुभव खरा असूनही निरुपयोगी ठरतो. मित्राला आणल्यास बक्षीस हा प्रकारही आहे. आपल्या मंडळींच्या व्हॉट्सअॅप गटांतील शिफारशी त्या दृष्टीने वाचाव्यात.

भारतातून येणाऱ्यांना आणखी एक सवय नडते. कंपनी टीडीएस कापते, फॉर्म १६ देते आणि आपले काम संपते. स्वतंत्र व्यावसायिकांना तर कलम ४४एडीएनुसार मिळकतीचा निम्मा भागच उत्पन्न म्हणून दाखवण्याची कायदेशीर मुभा होती. तशीच एखादी सवलत इथेही असेल, असा समज त्यामुळे सहज होतो. इथे तसे नाही.

परिणाम काय होतात, ते ‘लोन चार्ज’ने, म्हणजे अशा कर्जांवर लावलेल्या कराने, दाखवले. ट्रस्टकडे वळवलेला मोबदला हा कमाईच आहे, असा निर्णय रेंजर्स फुटबॉल क्लबच्या खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये दिला. त्याआधीच, २०१६ च्या अर्थसंकल्पात, अशी थकीत कर्जे एकत्र करून २०१८-१९ या एकाच वर्षाचे उत्पन्न धरण्याची घोषणा झाली होती. मूळ तरतूद १९९९ पर्यंत मागे जात होती. या कराचा स्वतंत्र आढावा घेणाऱ्या सर एमियस मोर्स यांच्या डिसेंबर २०१९ मधील अहवालानंतर ती ९ डिसेंबर २०१० पासूनच्या कर्जांपुरती राहिली. सुमारे पन्नास हजार लोकांना याची झळ बसली. योजना विकणाऱ्या अनेक कंपन्या तोवर बंद झाल्या होत्या किंवा परदेशात होत्या. हाती लागणारा एकटा कामगार होता, आणि दिलेली फी त्याला कोणी परत केली नाही. हे मला अन्यायाचे वाटते, पण आपल्या निर्णयात माझ्या वाटण्याला किंमत नाही.

स्थलांतरितांना व्हिसाचीही काळजी असते. एचएमआरसीला कळवलेले आणि गृहखात्याला दाखवलेले उत्पन्न वेगळे निघाल्याने, स्थलांतर नियमांतील, अर्जदाराच्या वर्तनावर बोट ठेवणाऱ्या, नियम ३२२(५) चा आधार घेऊन अनेक कुशल स्थलांतरितांचे कायम वास्तव्याचे अर्ज नाकारले गेले. त्यांत भारतीयही होते. अर्जदाराला आधी खुलाशाची संधी द्यायला हवी, असे अपील न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले. तरीही बँकेत १,७०० पौंड आणि सरकारदरबारी त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकेच उत्पन्न, ही विसंगती पुढे समजावून सांगण्याची वेळ येऊ नये.

म्हणून एजन्सीकडे ‘की इन्फर्मेशन डॉक्युमेंट’, म्हणजे पगार आणि वजावटींचा तपशील देणारा कागद, मागावे. एप्रिल २०२० पासून ते करारापूर्वी देणे एजन्सीवर बंधनकारक आहे. पगारपत्रकात एकूण दरापासून हातातल्या रकमेपर्यंतची प्रत्येक वजावट दिसली पाहिजे आणि बँकेत आलेला आकडा तिथल्या आकड्याशी तंतोतंत जुळला पाहिजे. पहिल्या पगारानंतर एचएमआरसीच्या अॅपवर आपला पगार किती नोंदला गेला, तेही पाहावे. खात्याने जाहीर केलेल्या योजनांच्या यादीत कंपनीचे नाव नाही, एवढ्यावर विसंबू नये. या कंपन्या नावे भराभर बदलतात. आज एजन्सीला एकच प्रश्न लेखी विचारावा: माझ्या हाती येणाऱ्या संपूर्ण रकमेवर पीएवायईखाली (म्हणजे पगारातूनच मालकाने कर कापून भरण्याच्या पद्धतीने) कर कापला जाईल का? ‘होय’ असे स्वच्छ उत्तर आले नाही, तर त्याच एजन्सीला दुसरी अम्ब्रेला कंपनी सुचवायला सांगावे.