सेटलमेंट म्हणजे वस्तीतलं बिऱ्हाड

प्रश्न : आम्हाला समाजकार्याच्या अभ्यासक्रमात जेन ॲडम्स यांचं ‘हल हाऊस’ आहे. सेटलमेंट म्हणजे आश्रम की अन्नछत्र? सुखवस्तू घरातली बाई गरीब वस्तीत राहायला गेली, एवढ्याने काय बदललं?
— एक विद्यार्थिनी, इचलकरंजी

उत्तर : दोन्ही नाही. सेटलमेंट म्हणजे वस्तीत बिऱ्हाड करायचं आणि शेजारधर्म पाळायचा. लंडनचं टॉयन्बी हॉल हे असंच बिऱ्हाड पाहून आलेल्या जेनबाईंनी एलन गेट्स स्टार या मैत्रिणीसह सप्टेंबर १८८९मध्ये शिकागोच्या हॉल्स्टेड रस्त्यावर आपलं बिऱ्हाड थाटलं, तेच ‘हल हाऊस’. आजूबाजूला इटालियन, ग्रीक, रशियातून आलेले ज्यू कामगार.

काय बदललं, ते त्यांच्या पहिल्या नाताळात बघा. मिठाई वाटली जात होती आणि काही लहान मुली ती घ्यायलाच तयार नव्हत्या. त्या मुली मिठाईच्या कारखान्यात कामाला होत्या. सहा आठवडे, सकाळी सात ते रात्री नऊ. मिठाई त्यांना डोळ्यांसमोरसुद्धा नको होती. इतकी वर्षं शिकवते आहे, पण हे सांगताना अजून माझा गळा दाटतो. दुरून देणगी पाठवणाऱ्याला हे कधी कळलं असतं?

पुढे तिथेच राहणाऱ्या फ्लॉरेन्स केली यांनी घरोघरचं शिवणकाम आणि त्यात राबणारी मुलं पाहून नोंदी केल्या. १८९३ साली इलिनॉयमध्ये, म्हणजे शिकागोच्याच राज्यात, कायदा झाला : चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात बंदी, बायकांना आठच तास काम. दोन वर्षांत कोर्टाने आठ तासांचं कलम रद्द केलं, हेही उत्तरपत्रिकेत लिहा. त्याच १८९५ साली जेनबाई वॉर्डाच्या कचरा निरीक्षक झाल्या. सकाळी सहाला कचरागाड्यांच्या मागे! एका गल्लीत दीड फूट घाणीखाली फरसबंदी निघाली.

त्यांचं स्वस्त, पौष्टिक जेवणाचं स्वयंपाकघर मात्र शेजारणींना रुचलं नाही. ज्याला त्याला आपल्याच घरची चव हवी होती.

आपल्याकडे ही कल्पना मुंबईच्या नागपाड्यात रुजली. तिथलं नेबरहूड हाऊस उभारणारे क्लिफर्ड मॅन्शार्ट हेच १९३६ साली सुरू झालेल्या, आज ‘टिस’ (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचे पहिले संचालक.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी गिरणगावातल्या एका चाळीत सोयाबीनच्या पाककृती शिकवायला गेले होते. बायकांनी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि विचारलं, “ताई, आमच्याकडे पाणी किती वाजता येतं, माहीत आहे का?” मला माहीत नव्हतं. पुढच्या आठवड्यात पहाटे चारला कळशी घेऊन नळावर जाऊन उभी राहिले, तिथून आमची ओळख सुरू झाली.